पाणी उतरताना

खोली नऊमधले ओडिलॉन व्हेर्मांडेल
झोपत नाहीत. तीन रात्री झाल्या.
गोळी दिली, अर्धी वाढवली,
उशी पालथी केली, खिडकी वीतभर उघडली.
ते छताकडे बघत राहतात, जणू
तिथून कुणी दोर फेकणार आहे.

मी लॅव्हेंडरचं तेल आणलं.
हुंगून त्यांनी नाक मुरडलं :
"सासूचं कपाट."
बाटली परत खिशात.

मग शिकवलं होतं तसं केलं. आवाज खाली आणला.
डोळे मिटा. श्वास सोडा.
आता एक बाग डोळ्यांसमोर आणा...
"बाग कशाला?" म्हणाले.
"चव्वेचाळीस वर्षं मालबोटीवर काढली.
बागेत जाऊन काय, मुंग्या मोजू?"

सिस्टर आमांदीन असत्या तर हसल्या असत्या.
त्यांनी आम्हाला दोनच गोष्टी घोटून घोटून शिकवल्या :
पाण्याचा गरमपणा कोपराला विचारा,
आणि दुसऱ्याचे पाय धरण्याआधी
आपले हात काखेत धरा.
त्यांना हे त्यांच्या सिस्टरनं सांगितलं, तिला तिच्या.
मागे मागे गेलं तर या घेंट शहरात
बेगिन बायका लागतात,
ना संसारातल्या, ना पुरत्या मठातल्या,
विटांच्या भिंतीआड जवसाचं पोटीस शिजवणाऱ्या.
त्यांच्या हिशेबवहीचं एक पान मी काचेखाली पाहिलंय :
आजारी तेरेसियासाठी सातू, मध,
मूठभर कॅमोमाइल, मेणबत्त्या दोन,
रात्री जवळ बसणे.
सगळ्यापुढे आकडे.
बसण्यापुढे शाईचा नुसता ठिपका.
लिहिणारीनं लेखणी टेकवली असेल,
आणि काही न सुचून उचलली.

"मग तुम्हीच सांगा," म्हटलं, "निघायचं कुठून?"

"स्पिरेहून. शेल्ड नदीनं, खाली.
गहू भरलाय. बोट जड आहे.
मागचा दरवाजा मिटला. पुढचा अजून मिटलेलाच.
आता पाणी सोडतील.
दोर बांधून टाकू नकोस, पोरी!
पाणी उतरतं आणि बांधलेली बोट लटकते.
हातातून सोडत राहा, थोडा, थोडा.
भिंत वर जाते. शेवाळ दिसतं. गार वाटतं.
आपण कुठे जात नाही,
नुसते खाली बसत जातो."

केव्हातरी मी पायाशी बसून
त्यांच्या टाचा तळहातांवर घेतल्या होत्या.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

केर्कहोव्ह.
औदेनार्देला जबडा सैल झाला.
आस्परला मुठी उघडल्या.
मेरेलबेके आलं तेव्हा
दोर धरायला मी एकटीच जागी.

सकाळी नव्या डॉक्टरनं विचारलं, "कितीवर झोपले?"
"चार दरवाज्यांवर."
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग मिलिग्रॅमचा रकाना सोडून
खाली लिहिलं : रात्र शांत.

मंगळवारी माझी सुट्टी.
बुधवारी नऊमध्ये नवी चादर,
आणि खिडकी कुणीतरी पूर्ण उघडलेली.

गुरुवारी तिथे गोडेलीव्ह बाई आल्या.
त्याही जाग्या.
मला आता उपाय ठाऊक होता ना.
खुर्चीच्या टोकावर टेकून, आवाज खाली आणून,
डोळे मिटा म्हटलं, एक मोठी बोट आहे...

"मला पाण्याची भीती वाटते," त्या म्हणाल्या.
"हातही लावू नकोस.
नीट मागे सरकून बस.
आणि बोलू नकोस."

मागे सरकले.
काखेत धरलेले हात
तसेच राहिले, गरम, बिनकामाचे.
साडेतीनच्या सुमारास रेडिएटर टकटकला.
आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं.